मोकळ्या प्लॉटवरचा टाकळा: ओळखायचा कसा, खायचा का आणि दरवर्षी उगवतो का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. खारघरमध्ये तुमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून एक मोकळा प्लॉट आहे. जूनच्या सरी पडल्या की तिथे रान माजतं आणि आता ते गुडघ्याच्या वर गेलंय. पानं संध्याकाळी मिटतात, चुरगाळली की उग्र वास येतो. सासूबाई म्हणतात टाकळा आहे, खुडून आणा, भाजी करू. माळीकाका म्हणतात कासविंदा आहे, हात लावू नका. मोबाइलवरचं ॲप ‘सिकलपॉड’ म्हणतंय. कमिटीत तणनाशक मारायचा विषय येणार आहे, आणि दरवर्षी उपटूनही हे पुन्हा का येतं ते कुणीच सांगत नाही.

मी ठाण्यात राहतो. वनस्पतिशास्त्र शिकलो आणि पुढे सोसायट्यांच्या बागा आणि मोकळ्या जागा सांभाळायच्या कामात पडलो, त्यामुळे घोडबंदर रोडपासून उलव्यापर्यंत दर पावसाळ्यात या झाडाशी गाठ पडतेच. तुमच्याकडे खरं तर तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत: झाड कोणतं, ते इथलं खावं का, आणि ते इथेच का येतं. पहिल्याचं उत्तर पानात आहे, बाकीच्या दोघांचं जमिनीत. घराघरांत भांडण मात्र पहिल्यावरच होतं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून मला टाकळाच वाटतोय, पण शिक्का मारत नाही. जे बघायला हवं तेवढंच नेमकं फोटोत आलेलं नाही. एक काम करा. झाडाच्या मधल्या भागातलं एक पूर्ण पान देठासकट तोडा. इथे पान म्हणजे मधली दांडी आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पर्णिका, सगळं मिळून. टाकळ्याच्या पानाला बहुतेक वेळा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. अगदी कोवळ्या रोपाच्या पहिल्या पानांत दोनच दिसू शकतात, त्याने गोंधळू नका. टोकाची जोडी सगळ्यांत मोठी. प्रत्येक पर्णिका बुडाशी निमुळती आणि टोकाकडे रुंद, गोलसर.

आता पान उजेडात धरून मधल्या दांडीकडे वरच्या बाजूने बघा. सगळ्यांत खालच्या जोडीच्या दोन पर्णिका जिथे दांडीला चिकटतात, तिथे त्यांच्या मधोमध एक बारीकशी उभी काडी दिसेल. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर, रंग नारिंगीकडे झुकणारा. तशीच एक तिच्या वरच्या, म्हणजे मधल्या जोडीपाशी. या ग्रंथी आहेत, गोड रस पाझरवतात. मुंग्या नेमक्या तिथेच घुटमळताना दिसल्या तर भिंगाचीही गरज नाही. सर्वांत वरच्या, टोकाच्या जोडीत ही काडी नसते. माझा भरवसा या एका खुणेवर जास्त आहे, कारण पानांचा आकार ऊन-सावलीप्रमाणे थोडा बदलतो, ग्रंथीची जागा बदलत नाही.

कासविंद्यात ग्रंथी असते, पण पर्णिकांच्या मध्ये नसते. ती देठाच्या अगदी बुडाशी, पान खोडाला जिथे लागतं त्याच्या जवळ, गडद रंगाच्या फुगीर दाण्यासारखी दिसते. पर्णिकांच्या जोड्या जास्त, साधारण चार ते सहा. आणि प्रत्येक पर्णिका बुडाशी रुंद होऊन टोकाला स्पष्ट अणकुचीदार. झाडही टाकळ्यापेक्षा उंच, जरा झुडपासारखं वाढतं. एकदा दोन्ही पानं शेजारी ठेवून बघितली की पुन्हा चूक होणार नाही.

पानं मिटणं आणि वास या दोन खुणांवर तुमच्या घरात वाद चाललाय, त्या दोन्ही इथे कुचकामी आहेत. पानं दोघांचीही रात्री मिटतात, आणि वास दोघांनाही येतो. फुलंही दोघांची पिवळी, पाच पाकळ्यांची. टाकळ्याची पानांच्या बेचक्यात बहुधा जोडीने येतात, कासविंद्याची शेंड्याकडे छोट्या घोसात. शेंगा आल्या की मात्र लांबूनही कळतं: टाकळ्याची शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वळलेली, कासविंद्याची चपटी, वर उभी राहिलेली आणि कडेला फिकट पट्टा असलेली. पण शेंगांची वाट बघत बसलात तर भाजीचा हंगाम केव्हाच उलटलेला असेल.

ॲपचं म्हणाल तर त्याने फार चूक केलेली नाही. सिकलपॉड हे इंग्रजी नाव सेन्ना टोरा म्हणजे आपला टाकळा आणि सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया हा त्याचा सख्खा भाऊ, दोघांनाही लावतात. भावाच्या पानात ग्रंथी एकच, सर्वांत खालच्या जोडीपाशी. जुन्या पुस्तकांत हे दोघे एकच धरलेले आढळतात. तुमच्या स्वयंपाकघरासाठी हा फरक पुढे ताणण्यात अर्थ नाही. टाकळा की कासविंदा, हा फरक मात्र महत्त्वाचा.

म्हणून माळीकाकांना उडवून लावू नका. कासविंद्याच्या बिया खरोखर विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी थंडीच्या तोंडावर खेड्यांतली लहान मुलं अचानक बेशुद्ध होऊन दगावत होती. बरीच वर्षं तो मेंदूज्वरच समजला गेला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्टरांनी त्याचा संबंध कासविंद्याच्या शेंगा खाण्याशी जोडला. यकृत, स्नायू आणि मेंदू या तिघांवर एकदम आघात होतो. खेळता खेळता मुलांनी शेंगा सोलून दाणे तोंडात टाकायचे, एवढंच कारण. तुमच्या प्लॉटवर टाकळ्यात मिसळून एखाददुसरा कासविंदा असेल आणि सोसायटीतली मुलं कुंपणापलीकडे बॉल आणायला जात असतील, तर तेवढी झाडं शेंगा धरायच्या आत मुळासकट काढा. भाजीचा निर्णय काहीही होवो, हे आधी.

आता सासूबाईंचा मुद्दा. टाकळा ही आपल्या ठाणे-रायगड-रत्नागिरीकडची अस्सल रानभाजी आहे, त्या काही भलतं सांगत नाहीत. विदर्भात हाच तरोटा. मृगाच्या सरींनंतर रोपं वीतभर झाली की शेंड्याची कोवळी पानं खुडायची. हंगाम साधारण श्रावणापर्यंत. एकदा कळ्या धरल्या की पान चिवट आणि कडवट होतं. कांदा, लसूण, सुकी मिरची, वरून ओलं खोबरं, आणि घरात फणसाच्या आठळ्या ठेवलेल्या असतील तर त्या उकडून ठेचून घातल्या की आणखी काही नको. काही घरांत पानं आधी उकळून पाणी पिळून टाकतात. उग्रपणा कमी होतो, माझ्या मते थोडी चवही जाते, पण पहिल्यांदा खाणाऱ्याने तसंच करावं. या कुळातल्या वनस्पतींत पोट साफ करणारी द्रव्यं असतात, सोनामुखी याच कुळातली. तेव्हा पहिल्या दिवशी ताटात थोडीच वाढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑफिस बुडेल. गरोदर बाई किंवा पोटाचं नाजूक माणूस घरात असेल तर त्यांना आग्रह नको.

पण झाड खाण्याजोगं आहे म्हणून या प्लॉटवरचं खावं असं होत नाही, आणि इथे माझं उत्तर पूर्णपणे तुमच्या प्लॉटवर अवलंबून आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० साली झाली. त्यानंतर हे शहर जिथे उभं राहिलं तिथे भातखाचरं होती, मिठागरं होती, खाडीचा चिखल होता, आणि सखल भाग भराव घालून वर आणलेले आहेत. भराव नुसता मुरमाचा असेल तर एक गोष्ट. पण मोकळ्या प्लॉटवर रात्री कुणी ट्रक रिकामा करून जातं हे आपल्याकडे नवीन नाही. मग त्या मातीत प्लास्टरचे तुकडे असतात, जुना रंग असतो, तेलाचे डबे असतात. पावलाने माती उकरून बघा. विटांचे तुकडे, टाइल, काच दिसली तर तिथलं पान चुलीवर चढवू नका. मुळांनी जे आत ओढून घेतलंय ते धुऊन निघत नाही. धुतल्याने फक्त धूळ जाते.

शिवाय गेल्या वर्षी तिथे कुणी तणनाशक मारलं होतं का? गटाराचं पाणी त्या बाजूला उतरतं का? रस्ता किती जवळ आहे? आणि सोसायटीतली कुत्री सकाळी कुठे फिरायला जातात? ही शेवटची चौकशी लोक हसण्यावारी नेतात, मी नेत नाही. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर गडबडीचं आलं तर मी तिथलं खुडणार नाही. तुमच्या फोटोत मागे रस्त्याचा डांबरी कडा दिसतोय. माझ्या घरचं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

मग सासूबाईंची हौस कशी भागवायची? पनवेलच्या बाजारात किंवा इकडे ठाण्यात जांभळी नाक्यावर आषाढात सकाळी लवकर जा. कर्जत, मुरबाड, शहापूरकडून बाया रानभाज्या घेऊन बसलेल्या असतात. टाकळ्याबरोबर कुर्डू, फोडशी, शेवळंही मिळतील. त्यांना विचारा कुठला आहे. बांधावरचा असेल तर त्या बिनदिक्कत सांगतात. वाटा विकत घ्या आणि घासाघीस करू नका, चिखलात उभं राहून एकेक शेंडा खुडलेला असतो. येऊरला किंवा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत स्वतः जाऊन तोडायचा विचार मात्र सोडून द्या, तिथे झाडपाल्याला हात लावणं कायद्यात बसत नाही.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: घरी लावा. दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळतात. खात्रीच्या टाकळ्याच्या मूठभर बिया काढून ठेवा. तपकिरी, चकचकीत, कडेने तासल्यासारख्या चौकटी दिसतात. जूनमध्ये त्या तशाच पेरल्या तर थोड्याच उगवतील आणि तुम्हाला वाटेल बी खराब निघालं. बी खराब नसतं, कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरत नाही. पॉलिश पेपरवर थोड्या घासून घ्या आणि रात्रभर भिजत ठेवा. फुगलेल्या दिसल्या की पेरा. गॅलरीत चांगलं ऊन येत असेल तर चांगल्या मातीच्या कुंडीत भाजीपुरता टाकळा सहज होतो.

हे कवच नीट लक्षात घेतलंत की दरवर्षी हे रान का उगवतं तेही कळेल. शेतातल्या धान्याचं बी एका पावसात सगळं उगवून मोकळं होतं. टाकळा तसं करत नाही. एका वर्षी पडलेल्या बियांतल्या काहीच पुढच्या जूनमध्ये उगवतात, बाकीच्या मातीत पडून राहतात. ऊन, पाऊस, मातीतली घासाघीस यांनी कवच झिजत जातं आणि त्या वर्षावर्षाच्या अंतराने टप्प्याटप्प्याने जाग्या होतात. एका झाडाला शेंगा पुष्कळ, एका शेंगेत बिया पुष्कळ. तुम्ही समोरची झाडं उपटता तेव्हा मातीतला हा साठा जसाच्या तसा असतो.

त्यात आपण भर घालतो. मे महिन्यात प्लॉट ‘साफ’ करायला जेसीबी येतो, वरचा थर खरवडतो, खालची माती वर आणतो. खोल गाडलेल्या, एरवी कधी उगवल्या नसत्या अशा बियाही त्यामुळे वर येतात, घासल्याही जातात, आणि पंधरा-वीस दिवसांत पाऊस येतो. यापेक्षा चांगली पेरणी टाकळ्याला कुणी करून देऊ शकत नाही. ऑक्टोबरात शेंगा धरलेली झाडं उपटून तिथेच कोपऱ्यात रचून ठेवणं हा याचाच दुसरा भाग.

बाकी त्याच्या गरजा मोजक्या. भरपूर ऊन, उघडी किंवा विरळ गवताची जमीन, आणि पाणी न तुंबणं. मुरमाड, दगडगोट्यांची, चेपलेली, निकृष्ट जमीन त्याला चालते. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण उतारावर पाणी निघून गेलं की त्याचं भागतं. तुमच्याच प्लॉटवर फिरून बघा: जिथे डबकं साचतं त्या खड्ड्यात टाकळा नसेल किंवा खुरटा असेल, तिथे लव्हाळा आणि केना सापडेल. कुंपणाजवळ मोठ्या झाडाच्या दाट सावलीतही तो पातळ होत जातो. आणखी एक कारण म्हणजे गुरं. गाई-म्हशी उग्र वासामुळे त्याला तोंड लावत नाहीत, शेजारचं गवत मात्र चाटूनपुसून खातात. मग मोकळ्या झालेल्या जागेत टाकळा पसरतो. गावठाणांच्या कडेला जिथे गुरं मोकळी फिरतात, तिथे तो रांगेने दिसतो तो यामुळेच.

इथे एक समज दूर करतो, कारण कमिटीत कुणीतरी हे नक्की म्हणेल. टाकळा शेंगावर्गीय आहे, म्हणजे जमिनीत नत्र साठवतो, म्हणून राहू द्या. तूर, ताग, भुईमूग यांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यातले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, हे बरोबर. सेन्नाच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. एक झाड ओल्या मातीतून हळू उपटून मुळं धुऊन बघा, सरळ सोटमूळ दिसेल, गाठी नाहीत. कोवळा पाला कुजवला तर खत म्हणून चांगलाच आहे, पण तो कुठलाही हिरवा पाला असतो तितकाच.

तणनाशकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या जागेसाठी नको. फवारणीने उभी झाडं मरतील, मातीतल्या बियांना काहीही होणार नाही. ग्लायफोसेटचा विचार असेल तर केंद्र सरकारने २०२२ साली अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रणाचं काम करणाऱ्या परवानाधारकांपुरता मर्यादित केला, तेव्हा माळीकाकांच्या पाठीवर पंप देऊन ते करवून घेऊ नका. प्लॉट सोसायटीचा नसेल तर मालकाला विचारल्याशिवाय कुणीच काही करायचं नाही, हे वेगळं.

आणि उघडी पडलेली जमीन रिकामी राहणार नाही. फवारणीनंतर तिथे काय येतं ते मी घोडबंदरच्या बाजूला पुन्हा पुन्हा बघतो: गाजर गवत. पुण्यात १९५०च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि देशभर पसरलं. त्याने अंगावर पुरळ येतं, काहींना दम्यासारखा त्रास होतो. या गाजर गवताला रोखण्यासाठी शास्त्रज्ञांनी टाकळा आणि त्याच्या जातभाईंची दाट पेरणी करून बघितलेली आहे, कारण ही झाडं त्याला वाढू देत नाहीत. म्हणजे कमिटी पैसे खर्चून कमी त्रासाचं तण काढून जास्त त्रासाचं आणणार.

मी तुमच्या जागी असतो तर कॅलेंडर बघून काम केलं असतं. जुलैच्या शेवटी, जमीन ओली असताना, कुंपणालगतची आणि पायवाटेजवळची झाडं हाताने उपटायची. ओल्यात सोटमूळ अख्खं निघतं. वरवर छाटली तर खालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटतात आणि आणखी झुपकेदार होतात. कापायचीच असतील तर जमिनीलगत कापा. फुलं आलेली नसतील तर उपटलेला पाला तिथेच पसरून द्या, माती झाकली जाते. गणपतीच्या सुमारास दुसरी फेरी मारायची, कारण तेव्हा फुलं असतात पण शेंगा पिकलेल्या नसतात. ही फेरी चुकली तर वर्ष गेलं असं समजा.

मे महिन्यातला जेसीबी थांबवता आला तर निम्मं काम झालं. माती हलवायची नाही, वरचं गवत यायला द्यायचं. कुंपणाच्या आतल्या तुमच्या पट्ट्यावर पालापाचोळ्याचा चांगला जाड थर टाका, त्यातून टाकळ्याचं रोप सहजासहजी वर येत नाही. जागा तुमची असेल तर दोन-चार देशी झाडं लावा. सावली वाढेल तसा तो हटेल. बियांचा साठा एका वर्षात संपत नाही, तेव्हा कमिटीला ‘यंदा नायनाट’ असं आश्वासन देऊ नका. दरवर्षी विरळ होत गेलेला दिसेल, तोही शेंगा पडू न देण्याचं पथ्य सलग पाळलंत तर.

सगळाच काढायचा आग्रहही धरू नका. मुलांच्या वाटेपासून दूर एखादा पट्टा राहू द्या. ग्रास यलो नावाची छोटी पिवळी फुलपाखरं याच पानांवर अंडी घालतात. पानाच्या कडेला हिरवी, बारीक अळी सापडेल, मुलांना दाखवायला चांगली. त्या पट्ट्यातल्या शेंगा तेवढ्या हिरव्या असतानाच खुडून घ्या.

शेंगा वाळायला लागल्या असतील तर ती झाडं उपटून पोत्यात भरा. सोसायटीच्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, तिथे पुरेशी उष्णता क्वचितच होते आणि पुढच्या जूनमध्ये तेच खत तुमच्या कुंड्यांत टाकळा घेऊन येतं. आणि त्या आधी, शक्य झालं तर उद्याच, एका पानाचे दोन फोटो काढून पाठवा: एक खालच्या जोडीच्या बेचक्याचा, एक देठाच्या बुडाचा. नखाचं टोक शेजारी ठेवून काढा म्हणजे माप कळेल. ते बघून मी टाकळा की कासविंदा ते खात्रीने सांगेन.